शाळा-तपासणी : अनुदानापासून मान्यतेपर्यंत

वाचकहो, तपासणीचा दिवस आठवत नाही असा माणूस आपल्यात विरळाच. आठवडाभर आधीपासून भिंतींना चुना लागतो, फळ्यांना काळा रंग येतो, हजेरीपटातील राहिलेल्या बेरजा रात्री जागून पुऱ्या होतात, आणि एरवी टाचणवही घरी विसरणारे गुरुजी त्या दिवशी ती छातीशी धरून वर्गात शिरतात.

प्रस्तुत लेखक शाळेत शिकत असताना (शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) तपासणीच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या एका हायस्कुलातून हातगाडीवर विज्ञानाचे साहित्य आले होते. परीक्षानळ्यांचे दोन स्टँड होते, तराजू होता, आणि लाकडी पेटीतला एक सूक्ष्मदर्शक होता. साहेब आले, त्यांनी ते पाहिले, चहा घेतला आणि गेले. तिसऱ्या दिवशी हातगाडी परत गेली. त्या सूक्ष्मदर्शकातून आम्हां मुलांपैकी एकानेही कधी पाहिले नाही; परंतु शेरेबुकात प्रयोगसाहित्य समाधानकारक असल्याची नोंद पडली. पुढे बी.एड.ला शाळा-व्यवस्थापन हा विषय शिकताना मला त्या हातगाडीची वारंवार आठवण होई. त्या दिवशी फसले कोण? साहेब तर फसले नाहीत, त्यांना सारे दिसत असावे. मग ही तपासणी मुळात कशासाठी निर्माण झाली, हे शोधण्याची इच्छा झाली. तो शोध येथे थोडक्यात मांडतो.

आपल्याकडे खाजगी शाळा पूर्वापार होत्या. तात्यापंतोजींच्या शाळा होत्या, मशिदीला लागून मकतबे होती. त्यांची तपासणी करणारा कुणी सरकारी अधिकारी नव्हता. पालक हाच तपासनीस. मूल शिकले नाही तर पंतोजीचे धान्य बंद होई. सरकारी तपासणी आली ती १९ जुलै १८५४ च्या खलित्यातून, जो वुडचा खलिता म्हणून ओळखला जातो. ह्या खलित्यानुसार प्रत्येक प्रांतात शिक्षणखाते निघाले. मुंबई इलाख्यात १८४० पासून चालत आलेले बोर्ड ऑफ एज्युकेशन १८५५ मध्ये मोडले आणि त्याच्या जागी डायरेक्टर व त्याच्या हाताखाली इन्स्पेक्टर आले. त्यांच्या हाताखालच्या डेप्युटीला आपल्या लोकांनी 'दिपोटी' करून टाकले, आणि पुढे दोन पिढ्या खेड्यापाड्यांतील मुले ह्या दिपोटीच्या नावाने चळाचळा कापत.

खलित्यातील विचार सरळ होता. सरकारला सगळ्या शाळा स्वतः काढणे परवडणारे नव्हते. तेव्हा जे लोक शाळा काढतील त्यांना पैशाची मदत द्यावी, आणि मदत घेणाऱ्याने सरकारी तपासणीस दार उघडे ठेवावे. त्या शाळेतील लौकिक शिक्षण चांगले असावे, स्थानिक व्यवस्था जबाबदार असावी, आणि मुलांकडून थोडी का होईना फी घ्यावी, एवढ्याच अटी. त्यात एक वाक्य आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. शाळेत कोणता धर्म शिकविला जातो याची इन्स्पेक्टराने मुळीच दखल घेऊ नये, त्याने फक्त लौकिक विषय पाहावेत, असे खलिता सांगतो. मिशनऱ्यांच्या शाळांना मदत देता यावी हा त्यामागे हेतू होता हे उघड आहे. पण त्याच तत्त्वाचा लाभ पुढे अंजुमनांच्या, आर्यसमाजाच्या आणि शिखांच्या शाळांनाही झाला.

ह्यानंतर जे घडले ते फार शिकण्यासारखे आहे, म्हणून येथे जरा थांबतो. इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो याने नवी नियमावली आणली. इन्स्पेक्टराने एकेका मुलाची वाचन, लेखन व गणित यांत परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले उतरतील तितके पैसे शाळेला मिळावेत, असा तो नियम. त्याच दशकात ही 'निकालावर पैसा' देण्याची पद्धत मुंबई इलाख्यातही आली. कारकुनी दृष्टीने पाहता ह्याहून न्याय्य पद्धत कोणती? काम दाखवा, दाम घ्या! परंतु परिणाम काय झाला याची कल्पना कोणताही शिक्षक करू शकेल. ज्या धड्यावर परीक्षा होणार तो मुलांकडून तोंडपाठ होऊ लागला. हुशार मुलाकडे लक्ष गेले नाही, कारण तो उतरणारच होता. फार मंद मुलाकडेही गेले नाही, कारण तो उतरणारच नव्हता. गरीब वस्तीतली शाळा, जिथे मुले चार दिवस येतात आणि चार दिवस मजुरीला जातात, ती पैशाला मुकली. म्हणजे ज्या शाळेला मदतीची गरज अधिक तिलाच ती कमी. हातगाडीचा जन्म माझ्या मते तिथेच झाला. तपासणीच्या दिवशी जे दिसेल त्यालाच मोल, हे एकदा ठरले की पुढचे सारे ओघानेच आले.

१८८२ मध्ये हंटर कमिशन बसले. मुंबईकडून काशिनाथ त्रिंबक तेलंग त्याचे सभासद होते. सर सय्यद अहमद खान यांचीही नेमणूक झाली होती; ते बाहेर पडल्यावर त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद आले. ह्या कमिशनपुढे पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले ते सर्वांनी ऐकलेले असते, परंतु तपासणीविषयी त्यांनी काय म्हटले ते सहसा कुणी सांगत नाही. डेप्युटी वर्षातून एकदा येऊन जातो याचा काही उपयोग नाही, दर तिमाहीस तरी तपासणी व्हावी, आणि अधूनमधून आगाऊ सूचना न देता अधिकाऱ्याने शाळेत जावे, असे जोतीरावांचे म्हणणे होते. वाचकहो, हे म्हणणारा माणूस स्वतः शाळा चालविलेला होता! तपासणीला भिणारा संस्थाचालक असे बोलणार नाही. ज्याला आपल्या मुलामुलींच्या पदरात काही पडावे असे वाटते तोच असे बोलतो. त्याच निवेदनात त्यांनी असेही नमूद केले आहे की मुसलमान ह्या शाळांपासून दूर राहतात आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या शाळा थोड्याच आहेत.

ते खरेच होते. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ ची आणि तिची पहिली शाळा १८८० ची. म्हणजे कमिशन बसले तेव्हा ती शाळा दोन वर्षांची होती. अंजुमनच्या वतीने बद्रुद्दीन तय्यबजी यांनी कमिशनपुढे साक्ष दिली. कमिशनने मुसलमानांच्या शिक्षणासाठी ज्या वेगळ्या शिफारशी केल्या त्यांतील तीन आपल्या विषयाच्या आहेत. देशी मुस्लिम शाळांनी लौकिक विषय घ्यावेत म्हणून त्यांना उत्तेजन द्यावे. मुस्लिम प्राथमिक शाळांसाठी वेगळ्या इयत्ता व प्रमाणे ठरवावीत. आणि अशा शाळांच्या तपासणीवर मुसलमान अधिकारी अधिक संख्येने नेमावेत. ज्या ठिकाणी समाजालाच दुसरी भाषा हवी असेल तेथे हिंदुस्तानीचा आग्रह नको, अशी सूटही होती. कोकणातील आपल्या बांधवांच्या दृष्टीने ही सूट महत्त्वाची, कारण त्यांच्या घरी बोली कोकणी आणि व्यवहार मराठीत. पुढे मुंबई इलाख्यात उर्दू शाळांसाठी वेगळे डेप्युटी नेमले गेले. ज्याला उर्दू वाचता येत नाही त्याने उर्दू शाळेची तपासणी करायची म्हणजे फक्त बाके मोजायची, हे तेव्हाच्या लोकांना कळत होते. आज कितीदा तसे होते, ते उर्दू शाळांतील शिक्षकबंधूंनीच सांगावे.

निकालावर पैसा देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी गेली. लॉर्ड कर्झनच्या काळातील ११ मार्च १९०४ च्या ठरावाने खाजगी माध्यमिक शाळेला मान्यता देताना काय पाहावे ते ठरविले. शाळेची तेथे खरोखर गरज आहे काय, तिची आर्थिक स्थिती भक्कम आहे काय, चालकमंडळ रीतसर आहे काय, विषय योग्य दर्जापर्यंत शिकविले जातात काय, मुलांच्या आरोग्याची, खेळाची व शिस्तीची सोय आहे काय, शिक्षक चारित्र्याने, संख्येने व पात्रतेने पुरेसे आहेत काय, आणि फी इतकी कमी तर नाही ना की शेजारच्या शाळेशी अनिष्ट स्पर्धा व्हावी. आता आपल्या मुख्याध्यापकांच्या कपाटातून महाराष्ट्राची माध्यमिक शाळा संहिता काढून मान्यतेच्या अटी वाचून पाहा. गरज, अनिष्ट स्पर्धा, आर्थिक स्थैर्य, पात्र शिक्षक, आरोग्यदायी जागा! साम्राज्य गेले, प्रांताचे राज्य झाले, परंतु प्रश्नपत्रिका बहुतांशी तीच राहिली. मला ह्यात वावगे वाटत नाही. मुलाला हवा, उजेड आणि शिकलेला शिक्षक लागतो हे कर्झनने सांगितले म्हणून खोटे ठरत नाही.

स्वातंत्र्यानंतर एक नवी गोष्ट मात्र आली, ती म्हणजे घटनेचे ३० वे कलम. धर्म किंवा भाषा यांवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क त्याने दिला. मग सरकारने तपासायचे कुठवर? केरळच्या शिक्षण विधेयकावर १९५८ मध्ये मत देताना सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या शब्दांत, स्पष्ट केले की चालविण्याच्या हक्कात वाईट चालविण्याचा हक्क येत नाही. उलट बाजूही न्यायालयाने राखली. गुजरातेतील प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळींच्या अध्यापक विद्यालयातील शंभरातल्या ऐंशी जागा सरकार पाठवील त्यांच्यासाठी ठेवाव्यात, नाहीतर अनुदान व मान्यता जाईल, असा मुंबई सरकारचा १९५५ चा हुकूम होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. नियम संस्थेच्या भल्यासाठी असावा, संस्था तिच्या हातून काढून घेण्यासाठी नसावा, हा त्याचा अर्थ.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला आणि प्रथमच शाळेची मोजमापे संसदेच्या कायद्याच्या परिशिष्टात छापली गेली. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे संख्येप्रमाणे वाढ, सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, प्रत्येक शिक्षकास एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, अडथळ्याविना प्रवेश, क्रीडांगण, कुंपण, ग्रंथालय, पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस व ८०० तास, पुढे २२० दिवस व १००० तास. आधीच्या शाळांना पूर्ततेसाठी तीन वर्षे दिली. मान्यतेविना शाळा चालविल्यास एक लाखापर्यंत दंड ठरला. केंद्राच्या नियमांत शाळेने आधी स्वतःच घोषणापत्र भरून द्यायचे, ते पंधरा दिवसांत लोकांसाठी खुले व्हायचे आणि तीन महिन्यांत प्रत्यक्ष पाहणी व्हायची, असा क्रम आहे. हे घोषणापत्र म्हणजे पहिला शेरा आपला आपणच लिहिणे होय. तो खरा लिहिण्याची सवय आपल्याला किती, हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पाहिले. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, तेव्हा पटावरची पुष्कळ मुले जागेवर सापडली नाहीत.

ह्यानंतर ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदा लागू नाही असा निर्णय दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण २०१४ नंतर आपल्या समाजातील काही संस्थाचालकांनी जो सुटकेचा निःश्वास टाकला तो ऐकून मला वाईट वाटले. प्रवेश, चालकमंडळ आणि शाळेचे वळण आपल्या हाती राहावे यासाठी आपण भांडलो, ते योग्यच. पण मुलींच्या स्वच्छतागृहाची सूट आपण कधी मागितली होती? आपल्या मुली सातवी-आठवीनंतर शाळा का सोडतात याची कारणे शोधणाऱ्यांनी भाषणांआधी त्या दाराची कडी लागते की नाही ते पाहावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही तीन शिक्षकांनी ते परिशिष्ट हाती घेऊन आपली शाळा फिरून पाहिली. कुणी सांगितले नव्हते, साहेब येणार नव्हते. शिक्षकसंख्या बसली, पाणी ठीक होते, कुंपण मागच्या बाजूला पडलेले निघाले. उतरत्या वाटेचा उतार इतका की चाकाची खुर्ची वर चढवायला दोन माणसे लागतील. ग्रंथालयाच्या रकान्यात 'आहे' लिहिणार तेवढ्यात आमच्यातल्या एका बाईंनी कपाट उघडून पाहू या म्हटले. किल्ली सापडायला पाऊण तास गेला. आत पुस्तके चांगली होती, काहींची पाने अजून कापलेलीही नव्हती. आता ती किल्ली शिक्षकखोलीच्या खिळ्याला टांगलेली असते. कुंपणाचा अर्ज संस्थेकडे दिला आहे. तासांचा हिशेब मात्र अजून करायचा राहिला आहे. सहामाहीचे निकाल लागले की त्याला बसू.