परकोटातला ओटा आणि पडद्यावरचे घर

२०१९ सालच्या श्रावणातली गोष्ट. अमरावतीत परकोटाच्या आत आमचे जुने घर आहे. मी स्वतः आता शहराबाहेरच्या कॉलनीत राहतो. पण आठवड्यातून एकदा आईला भेटायला त्या गल्लीत जाणे होते. त्या रात्री जेवणे आटोपण्याच्या सुमारास गेलो, तेव्हा गल्लीतला एकही ओटा भरलेला नव्हता. उघड्या दारांमधून एकाच वेळी एकच भारदस्त आवाज ऐकू येत होता, 'बिग बॉस'चा. चार घरे ओलांडेपर्यंत त्या आवाजाचे एक वाक्यही चुकले नाही. शेजारच्या काकूंनी मला पाहिले आणि पडद्यावरची नजर न हलवता विचारले, "काहून रे, टाकलं का मत आपल्या पोराले?" मी काहीतरी पुटपुटलो. "एवढा कॉलेजात शिकवतं, अन् एक मत टाकता येत नाई!" काकूंनी निकाल देऊन टाकला.

'आपला पोरगा' म्हणजे शिव ठाकरे. 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वात तो अमरावतीहून गेला होता आणि १ सप्टेंबर २०१९ रोजी ते पर्व त्याने जिंकले. काकूंनी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. त्याचे घर कोणत्या भागात, हेही त्यांना नीट ठाऊक नसावे. तरीही तो त्यांचा होता. हे आपलेपण कुठून येते, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मागे लागला. टीव्हीने गल्ली मारली, ही आपल्या पिढीची ठरलेली तक्रार. मीही ती वर्गात अनेकदा केलेली आहे. पण ज्या गल्लीबद्दल आपण हळहळतो ती मुळात काय पाहत होती आणि कसे पाहत होती, हे एकदा तपासून घ्यायला हवे, असे वाटू लागले.

अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत, १८०७ साली उभा राहिला. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे हा हेतू. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. त्यांतल्या एका खिडकीचे नाव 'खुनारी' पडले ते १८१८ साली तिथे झालेल्या रक्तपातामुळे. पुढे कापसाच्या व्यापाराने शहर वाढले, भिंतीबाहेर पसरले. भिंतीच्या आत मात्र जागा तेवढीच राहिली. सराफा, सक्करसाथ, बुधवारा, भाजीबाजार या भागांतून चालताना आजही हे जाणवते. अंगणाला जागा नाही म्हणून घर थेट रस्त्याला भिडते, आणि घर व रस्ता यांच्यामध्ये उरतो तो ओटा. म्हणजे ओटा ही काही कोणी प्रेमाने निर्माण केलेली संस्था नव्हे. भीतीपोटी बांधलेल्या भिंतीने माणसांना दाटीवाटीने बसवले, त्या दाटीतून ती आपोआप जन्माला आली.

या ओट्याचे वेळापत्रक ठरलेले असे. सकाळी म्हातारे पुरुष आणि वर्तमानपत्र. दुपारी बायका, निवडटिपण आणि उन्हाळ्यात कुरड्या, शेवया, सरगुंडे. रात्री जेवणानंतर सगळेच. माझी मावशी अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे राहत असे. असदगडाच्या सावलीतल्या, दहीहांडा वेस आणि अगरवेस ही नावे सांभाळून असलेल्या त्या वस्तीतही हेच. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या मंदिराकडे कावडी येत, तेव्हा मावशीच्या ओट्यावर रात्रभर माणसे बसून असत. कोणत्या मंडळाची कावड किती भरण्यांची, यंदा कोणाचा खांदा पडला, कोणाच्या पायाला फोड आले, याची चर्चा पुढच्या पोळ्यापर्यंत पुरे. या पाहण्यात एक अट होती. जो पाहत असे तोही पाहिला जात असे. आज ज्याच्या घरातले भांडण चवीने ऐकले, त्याच्याच घरी उद्या सकाळी विरजण मागायला जावे लागे. आपण दिलेल्या निकालाबरोबर आपल्यालाच नांदावे लागे.

वऱ्हाडातल्या वस्तीचे असे बारकाईने पाहणे मराठी वाङ्मयात किती जुने आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. आमच्या जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले. आपण ते महानुभाव पंथाचा आद्य ग्रंथ म्हणून शिकवतो, मराठी गद्याचा पाया म्हणून शिकवतो, आणि आता तर त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही २०२४ साली सुरू झाले. पण वर्गात शिकवताना मला नेहमी मोह होतो तो त्याच्या रीतीचा. चक्रधरांना ज्यांनी ज्यांनी पाहिले होते त्यांच्याकडे म्हाइंभट जातो, विचारतो, लिहून घेतो. कोण काय जेवले, कोण रुसले, कोण कुणाच्या घरी उतरले, कोणत्या शब्दांत बोलले. नागदेवाचार्यांकडून ते पारखून घेतो. मूळ पोथी धाडीत गेल्यावर ती आठवणींतून पुन्हा उभी केली गेली आणि एकाच प्रसंगाचे वेगवेगळ्या अनुयायांच्या नावांचे पाठ शेजारी शेजारी राहिले. गोविंदप्रभूंचे चरित्र तर जवळजवळ एका गावाच्या गल्ल्यांचेच चरित्र आहे. हा अवलिया कुणाच्याही घरात शिरतो, हवे ते खातो, पोरांशी खेळतो, शिव्या देतो. अस्पृश्य मानलेल्यांना पाण्याची जागा दाखवतो. गाव त्याला वेडा म्हणते आणि देवही म्हणते. या दोन्ही नोंदी म्हाइंभट ठेवतो. त्यातली एक निवडा, असे तो कुणाला सांगत नाही. (त्याच्या हाती संकलक होता, संपादन-टेबल नव्हते, असे एकदा मी वर्गात म्हणालो, विद्यार्थी हसले नाहीत.)

टीव्ही आमच्या गल्लीत आला तेव्हा तो या पाहण्याच्या विरुद्ध उभा राहिला नव्हता. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी शाळकरी होतो. गल्लीत दोनच संच. रविवारी सकाळी त्या दोन घरांच्या ओट्यांवर चपलांचा खच आणि माजघरात गल्ली. एवढेच झाले होते की ओटा रस्त्याकडची पाठ फिरवून आत वळला होता. मग १९९२ नंतर केबल आली, घरोघरी संच आले आणि ओट्याला आत वळण्याचेही कारण उरले नाही.

खरा फरक मतदानाने पडला. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आले तोवर आपण पाहणारेच होतो. २००४ साली 'इंडियन आयडॉल' आले, मोबाइलच्या संदेशाने मत देता येऊ लागले आणि अभिजित सावंत जिंकला, तेव्हा पाहणाऱ्याच्या हाती निकाल आला. पुढे झी मराठीच्या 'सा रे ग म प'ने महाराष्ट्राचा एक नवाच नकाशा काढला: कोल्हापूरचा अभिजित, आळंदीची कार्तिकी, लातूरचा रोहित, अलिबागची मुग्धा. नावाआधी गाव. जात्यावरच्या ओव्यांत माणसाची ओळख गावाने होत असे, तसेच हे. या नकाशावर आमचा प्रांत उमटला तो अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावच्या वैशाली माडे हिच्यामुळे. मराठी स्पर्धा जिंकून तिने २००९ साली झी टीव्हीची हिंदी स्पर्धाही जिंकली. आणि योगायोग असा की २०१९च्या त्या 'बिग बॉस'च्या घरात शिवबरोबर तीही होती.

नेदरलँड्समध्ये १९९९ साली निघालेल्या 'बिग ब्रदर'चा हा अवतार हिंदीत २००६ साली आणि मराठीत २०१८ साली आला. अनोळखी माणसे एका घरात कोंडायची, चोवीस तास कॅमेरे लावायचे आणि आठवड्याला एकाला बाहेर काढायचे, एवढाच त्याचा सांगाडा. भिंत, दरवाजे, दाटी, कुजबुज: परकोटातल्या माणसाला यात नवे काहीच नव्हते. म्हणूनच त्याची भाषा गल्लीने लीलया उचलली. "सासूनं नॉमिनेट केलं वाटते तुले," असे एक वहिनी दुसरीला म्हणताना मी ऐकले आहे. नवा होता तो बाहेर काढण्याचा भाग. निकाल देणाऱ्याला उद्या विरजण मागायला जायचे नव्हते. इतकी स्वस्त सत्ता ओट्याला कधी मिळाली नव्हती, असे मी म्हणणार होतो. पण ते खरे नाही.

आमच्या ओट्यानेही माणसे बाहेर काढलेली आहेत. ज्या काकूंनी मला मताबद्दल विचारले, त्यांना नवऱ्याने टाकले ते नव्वदच्या आसपास. त्या पाण्याला, बाजाराला निघाल्या की बोलत असलेला ओटा गप्प होई आणि त्या वळणाआड गेल्या की पुन्हा सुरू होई. कुणी त्यांना अपशब्द बोलले नाही, कुणी हळदीकुंकवालाही बोलावले नाही. त्या शांततेत मीही बसलेलो आहे, आजीच्या मांडीला टेकून. सगळी गल्ली वर्षानुवर्षे त्यांच्याकडे पाहत होती आणि नेमके काय झाले, हे त्यांना एकानेही विचारले नव्हते. ओट्यावर कोण बसणार आणि कोण खालून जाणार, हे जातीनेही ठरलेले होतेच. त्याबद्दल गल्लीच्या आठवणी लिहिणारे सहसा लिहीत नाहीत. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक आठवावी. १९६० सालच्या त्या कादंबरीत भोवतालचे डोळे तिच्या दारिद्र्यावर सतत खिळलेले असतात. त्या डोळ्यांतून तिला आधार किती मिळतो, हा हिशेब वाचकाने करावा.

'धग'वरून भाषेचा मुद्दा निघतो. शेळक्यांनी संवादांत वऱ्हाडी ठसठशीतपणे आणली, विठ्ठल वाघांनी ती कवितेत गाजवली; तरी पुण्या-मुंबईच्या मंचावर ती बरीच वर्षे हशा मिळवण्यापुरती होती. शिव ठाकरे शंभर दिवस रोज रात्री बोलला. भांडला, रडला, प्रेमात पडला, ते वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. ती शुद्ध वऱ्हाडी नव्हती हे मान्य. भाषाविज्ञानाचे सहकारी नाक मुरडतील. पण त्या वर्षी माझ्या वर्गातली खेड्यातून येणारी मुले तोंडी परीक्षेत 'करून रायलो' म्हणून जीभ चावत नव्हती, हे मी पाहिले. वर्तमानपत्रे टाकली, दुधाच्या पिशव्या पोचवल्या, नाचाचे वर्ग घेतले, असे शिवने मुलाखतींतून सांगितले आहे. म्हणजे सकाळी सकाळी प्रत्येकाच्या दारात येणारा आणि कुणाच्याच लक्षात न राहणारा मुलगा. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी हिंदी 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात तो उपविजेता ठरला, तोवर त्याला न ओळखणारा माणूस अमरावतीत सापडणे कठीण झाले होते.

त्याच २०१९च्या सप्टेंबरमध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या; महिन्याला मानधन दीड हजार रुपये. एक कोटीचा प्रश्न होता 'दास्तान-ए-गदर'चा कर्ता कोण. बहादूरशहा जफरच्या दरबारातला हा कवी. १८५७ साली दिल्लीची मोहल्ले-वस्ती कशी उद्ध्वस्त झाली ते त्याने डोळ्यांनी पाहून लिहिले. बाईंनी उत्तर दिले: जहीर देहलवी. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये वाङ्मयाचे आम्ही पाच प्राध्यापक चहा पीत बसलो होतो. पाचांपैकी एकालाही ते नाव आदल्या रात्रीपर्यंत माहीत नव्हते. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एकाने विद्यापीठाच्या परिपत्रकाचा विषय काढला. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती. मतदानाला या, असे लोकांना सांगण्यासाठी जिल्ह्याने बबिताताईंनाच सदिच्छादूत नेमले.

अंतिम फेरीच्या रात्री मी मुद्दाम गल्लीत गेलो. निकाल लागला, फटाके वाजले, पोरे अंबागेटाकडे धावली. काकू दारातच उभ्या होत्या. एवढे काय असते हो त्या कार्यक्रमात, असे मी विचारले. सूर जरा मास्तरकीचाच होता. त्या म्हणाल्या, "त्या घरातून ज्याले बाहेर काढते ना, त्याले मंचावर बोलावते. पाणी देते. अन् विचारते, काय झालं, तुले काय वाटते." मग टीव्ही बंद करायला आत गेल्या.

आईकडे परत येताना आमच्या ओट्यावर टेकलो. लहानपणी हा ओटा माझ्या छातीला लागे. गल्लीत सिमेंटच्या रस्त्याचे थर एकावर एक चढत गेले आणि आता तो रस्त्यापेक्षा वीतभरच उंच उरला आहे. बसले की गुडघे हनुवटीला येतात. आईने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली आणि काकूंसाठी दुसरी आणायला ती परत आत गेली.