प्रेक्षकांचे मागणीपत्र

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह असा आपला समज असतो. रंगभूमीचा इतिहास लिहिणारे विद्वानसुद्धा नाटककारांचा आणि नटांचा इतिहास लिहितात. तिकीट काढून खुर्चीवर बसणारा जो माणूस, ज्याच्या जिवावर हा सारा व्यवहार चालतो, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आज मी त्या माणसाविषयी बोलणार आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर समांतर विश्वांच्या कथा सांगणाऱ्या ज्या मालिका झाल्या, त्यांच्या प्रेक्षकांनी काय केले, काय मागितले आणि त्यांच्या पदरात काय पडले, एवढाच माझा विषय आहे.

माझे शिक्षण रात्रशाळेपलीकडे गेलेले नाही. भौतिकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु चार माणसे एकत्र येऊन मालकाकडे काही मागतात तेव्हा काय घडते, हे मी कारखान्यांच्या दारांत तीस वर्षे पाहत आलो आहे. त्याच नजरेने हा इतिहास मी वाचला.

प्रथम समांतर विश्व म्हणजे काय ते पाहू. १९५७ साली प्रिन्स्टन येथील ह्यू एव्हरेट या तरुण शास्त्रज्ञाने आपल्या प्रबंधात असा विचार मांडला की, अणूच्या सूक्ष्म जगात जेथे अनेक शक्यता संभवतात, तेथे एक खरी ठरून बाकीच्या नाहीशा होतात असे मानण्याचे कारण नाही. त्या साऱ्याच आपापल्या ठिकाणी घडत असतात. पुढे या विचाराला अनेक विश्वांची उपपत्ती असे नाव पडले. मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोहोचतात की जेथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे.

शास्त्रज्ञांचे जे काही मत असेल ते असो. सामान्य माणसाला ही कल्पना चटकन पटते. ‘त्या दिवशी तसे झाले नसते तर’ हे वाक्य ज्याने कधी मनाशी उच्चारले नाही असा माणूस विरळा. कारखाना बंद पडला नसता तर, मुलाला वेळेवर औषध मिळाले असते तर, असे मनातल्या मनात चाललेले असतेच. समांतर विश्वाची कथा त्या ‘तर’ला चित्राचे रूप देते. म्हणूनच तिचा प्रेक्षक तिच्यात जरा अधिक गुंततो.

आता दूरचित्रवाणीचा व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेतील मोठ्या वाहिन्या प्रेक्षकाकडून थेट पैसा घेत नसत. पैसा देई जाहिरातदार, आणि त्याला विकला जाई प्रेक्षकांचा वेळ. तेव्हा या बाजारात प्रेक्षक हा गिऱ्हाईक नव्हता. तोच माल होता. त्याची मोजदाद नील्सन नावाची कंपनी करीत असे. १९९० च्या दशकात त्यासाठी सुमारे ५००० घरांत यंत्रे बसविलेली होती, आणि त्यांवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जाई. ज्याच्या घरी ते यंत्र नाही, त्याने मालिका पाहिली काय आणि न पाहिली काय, हिशेबात काडीचाही फरक पडत नसे. आपल्या राज्याच्या कायद्यात निदान एवढे तरी आहे की, कारखान्यातील शेकडा ३० कामगार सभासद असलेल्या संघटनेला मान्यतेसाठी अर्ज करता येतो. प्रेक्षकांसाठी असा कायदा कोठेच नाही. त्यांच्याजवळ कामबंदीचे हत्यारही नाही. कारण मालिका बंद पडू नये म्हणून भांडणाऱ्याने ती पाहणे बंद करून कसे चालेल? राहता राहिली पत्रे.

या पत्रांचा पहिला मोठा प्रसंग १९६७-६८ सालचा. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिच्या ६ ऑक्टोबर १९६७ च्या भागात अंतराळयानाचा कप्तान आणि त्याचे तीन सहकारी एका अपघाताने दुसऱ्या विश्वात जातात. तेथे त्यांचेच यान आहे, तेच सहकारी आहेत. परंतु ते एका क्रूर साम्राज्याचे चाकर झालेले आहेत. समांतर विश्वाची कल्पना या भागाने घरोघर नेली. त्याच हिवाळ्यात मालिका बंद होणार अशी आवई उठली. तेव्हा ब्जो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रांची मोहीम उभारली. प्रत्येकाने दहा जणांना लिहायला सांगावे आणि त्या दहांनी पुढच्या दहांना, हा त्यांचा नियम होता. डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या अवधीत सुमारे १,१६,००० पत्रे आल्याचे वाहिनीने सांगितले. जानेवारीत कॅलटेक या विज्ञानसंस्थेचे दोनशेहून अधिक विद्यार्थी मोर्चा घेऊन बरबँक येथील एनबीसीच्या दारात गेले. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिकेचा भाग संपताच वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले की, मालिका पुढे चालू राहील.

विजय झाला खरा. परंतु पुढे काय झाले ते ऐका. तिसऱ्या पर्वासाठी मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ देण्यात आली. तिचा मुख्य प्रेक्षक तरुण, आणि शुक्रवारी रात्री तरुण मंडळी घरात बसत नाहीत हे वाहिनीलाही ठाऊक होते. खर्चाला कात्री लागली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी दैनंदिन कामातून बाजूला झाले. ३ जून १९६९ रोजी ७९वा भाग दाखवून मालिका संपली. संपानंतर कामगाराला परत तर घ्यायचे, पण गैरसोयीच्या पाळीवर टाकायचे आणि सहा महिन्यांनी ‘उत्पादन घटले’ म्हणून कागद हाती द्यायचा, हा प्रकार या सभेतील पुष्कळांच्या परिचयाचा असेल.

दुसरा प्रसंग ‘स्लायडर्स’ या मालिकेचा. हिचा तर सारा विषयच समांतर विश्वांचा होता. २२ मार्च १९९५ रोजी फॉक्स वाहिनीवर ती सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोतील क्विन मॅलरी हा विद्यार्थी घराच्या तळघरात विश्वा-विश्वांमधले दार उघडणारे यंत्र तयार करतो आणि आपली मैत्रीण वेड, आपले प्राध्यापक आर्टुरो व वाटेत अपघाताने ओढला गेलेला रेम्ब्रांट नावाचा गायक यांच्यासह भरकटतो. दर भागात शहर तेच, परंतु इतिहास निराळा. एका जगात अमेरिका सोव्हिएत अमलाखाली आहे; एकात प्रतिजैविक औषधांचा शोधच लागलेला नाही; एकात राजसत्ता स्त्रियांच्या हाती असून पुरुष दुय्यम आहेत. एका जगात सोडतीत नंबर लागेल त्याला हवी तेवढी चैन मिळते आणि लोकसंख्या आटोक्यात राहावी म्हणून त्याचा प्राण घेतला जातो. विचार करणाऱ्या प्रेक्षकाला हे खाद्य होते. आपले जग असेच का आहे, हा प्रश्न ती मालिका हसतखेळत विचारीत होती.

पहिल्याच पर्वात वाहिनीने काही भाग ठरल्या क्रमाने न दाखवता मागेपुढे केले. प्रवासाची सलग कथा पाहणारा प्रेक्षक त्यामुळे गोंधळला. पर्वाच्या अखेरच्या भागात क्विनला गोळी लागते, आणि पुढे काय झाले हे कळण्यासाठी मे १९९५ पासून मार्च १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. या काळात चाहत्यांनी पत्रे पाठवली. नव्यानेच घरोघर येऊ लागलेल्या संगणकाच्या जाळ्यावरून एकमेकांना हाका घातल्या. मालिका परत आली. तिसऱ्या पर्वासाठी चित्रीकरण व्हँकुव्हरहून लॉस एंजेलिसला हलले. आणि येथून तक्रारींचा सूर बदलला. आता तक्रार मालिका बंद होण्याची नव्हती; मालिकेचे काय केले याची होती. ‘असे झाले असते तर’ हा मूळ प्रश्न मागे पडला आणि गाजलेल्या चित्रपटांच्या नकला, राक्षस आणि पाठलाग पुढे आले. मालिकेचे एक जनक ट्रेसी टॉर्मे दूर झाले. १९९७ मध्ये प्राध्यापक आर्टुरोचे पात्र मारून टाकण्यात आले. त्याच साली फॉक्सने हात काढून घेतला आणि १९९८ मध्ये साय-फाय वाहिनीने मालिका आपल्याकडे घेतली. वेड तेव्हा दिसेनाशी झाली. चौथ्या पर्वानंतर क्विनची भूमिका करणारा जेरी ओ’कॉनेलही गेला. मूळ चौघांपैकी एकटा रेम्ब्रांट उरला. ४ फेब्रुवारी २००० रोजी ८८वा भाग दाखवला गेला. त्यात रेम्ब्रांट आपल्या जगाच्या दिशेने उडी घेतो, सोबती मागे पाहत राहतात, आणि तेथेच पडदा पडतो. तो घरी पोहोचला की नाही? याचे उत्तर पडद्यावर कधीच दिले गेले नाही. पाच वर्षे ज्यांनी ‘ही माणसे घरी केव्हा पोहोचतील’ एवढ्या एका प्रश्नापायी दर आठवड्याला हजेरी लावली, त्यांना हिशेब न देताच दार बंद झाले.

येथे कोणी आक्षेप घेईल की, प्रेक्षकांच्या बहुमताने कथा लिहायची काय? हा आक्षेप खोटा नाही. लेखकाला स्वातंत्र्य हवेच. गर्दीला विचारून लिहिलेली कथा गर्दीलाही आवडत नाही. नटालाही नोकरी सोडण्याचा हक्क आहे, आणि कामगार कार्यकर्ता म्हणून तो हक्क मी सर्वांत आधी मान्य करीन. परंतु ‘स्लायडर्स’च्या प्रेक्षकांनी लेखकाच्या हातातली लेखणी मागितली नव्हती. उलट, ज्या लेखकाने ती कथा प्रथम कल्पिली त्याच्या कल्पनेशी इमान राखा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लेखक आणि प्रेक्षक या भांडणात एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला जाहिरातीचा दर होता.

तिसरा प्रसंग अलीकडचा. ९ सप्टेंबर २००८ रोजी फॉक्सवरच ‘फ्रिंज’ ही मालिका सुरू झाली. वॉल्टर बिशप या शास्त्रज्ञाचा लहान मुलगा मरण पावतो. दुसऱ्या विश्वातही तोच मुलगा आजारी असतो. त्याला तरी वाचवावे म्हणून हा बाप १९८५ साली सीमा ओलांडतो, त्या मुलाला आपल्या जगात आणतो आणि ठेवून घेतो. त्या एका कृत्याने दोन्ही जगांना तडे जातात. मे २००९ मध्ये पहिल्या पर्वाच्या शेवटी नायिका दुसऱ्या जगातल्या न्यूयॉर्कमध्ये एका कचेरीत उभी असते. कॅमेरा मागे सरकत जातो आणि दिसते की, ती ज्या इमारतीत आहे तो जागतिक व्यापार केंद्राचा मनोरा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी पडलेले मनोरे तेथे उभे आहेत. एकही शब्द न बोलता त्या दृश्याने अमेरिकन प्रेक्षकाच्या मनातला ‘तर’ त्याच्यासमोर उभा केला. त्या कचेरीत तिच्या भेटीला येतो तो लिओनार्ड निमॉय, ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक. चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्रांचा धागा असा येथवर येतो.

जानेवारी २०११ मध्ये ही मालिकाही शुक्रवारी रात्री हलवली गेली. प्रेक्षकांना ‘स्टार ट्रेक’चा इतिहास पाठ होता, या बदलीचा अर्थ त्यांनी तत्काळ ओळखला. जानेवारी २०१२ मध्ये वाहिनीच्या प्रमुखांनी मालिका तोट्यात असल्याचे उघड सांगितले. प्रेक्षक ठरल्या वेळी ठरलेले एकच शब्द समाजमाध्यमांवर एकमुखाने लिहू लागले. एप्रिल २०१२ मध्ये तोड निघाली: आणखी १३ भाग मिळतील, आणि त्यांत कथा पुरी करायची. १८ जानेवारी २०१३ रोजी १००वा भाग दाखवून मालिका संपली. केवळ प्रेक्षकांच्या आवाजाने हे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शंभर भाग पुरे झाले की मालिका पुनःप्रक्षेपणासाठी विकणे सोपे जाते, हाही हिशेब त्यात होता. परंतु वाटाघाटींचा अनुभव असलेला माणूस जाणतो की, मालकाचा हिशेब आणि आपली मागणी जेथे जुळते ती जागा शोधणे, हेच निम्मे काम असते.

तीन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे प्रेक्षक हळूहळू काय शिकला ते दिसते. १९६८ साली त्याने मागितले, ‘बंद करू नका’. ते मिळाले, पण अटी मालकाच्या राहिल्या. १९९५ नंतर त्याला कळले की, चालू राहणे पुरेसे नाही. जे चालू राहिले ते मूळचे राहिले पाहिजे. २०१२ साली त्याने मागितले, ‘संपवायचे तर नीट संपवा’. कोणतीच मालिका अमर नसते, जशी कोणतीच नोकरी अमर नसते. परंतु सेवा संपताना हिशेब चुकता व्हावा, ही मागणी माणसाच्या प्रतिष्ठेची आहे. ग्रॅच्युइटीची रक्कम अनेकदा फार मोठी नसते. तरी तिच्यासाठी माणसे वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढतात, ती केवळ पैशासाठी नव्हे.

आणि पत्रे वाया जात नाहीत. ‘स्टार ट्रेक’ संपली, पण तिचे लोक पांगले नाहीत. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे संमेलन भरले. काही शे माणसे येतील असा अंदाज होता, आली काही हजार. १९७६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ विमानाला ‘एंटरप्राइझ’ हे त्या मालिकेतील यानाचे नाव मिळाले, तेही राष्ट्राध्यक्षांकडे गेलेल्या पत्रांमुळे. १९७९ मध्ये चित्रपट आला आणि १९८७ मध्ये नवी मालिका. मालिका गेली तरी मंडळ टिकले, आणि मंडळ टिकले म्हणून मालिका परत आली.

समांतर विश्वाची कथा आपल्याला सांगते की, हे जग जसे आहे तसेच असायला हवे होते असे नाही. ज्याने हे एकदा ऐकले, तो आपल्या समोरच्या पडद्याविषयीही तोच प्रश्न विचारू लागला, यात नवल काय? श्रोत्यांनी आपल्या आवडीची गोष्ट मुकाट्याने स्वीकारायची किंवा मुकाट्याने सोडायची, एवढेच त्यांच्या हाती असते असे नाही. चांगल्या कामाबद्दल लिहावे, बिघडलेल्या कामाबद्दलही लिहावे, आणि एकट्याने न लिहिता दहा जणांना बरोबर घ्यावे. ही व्याख्यानमाला, हे ग्रंथालय, आपल्या गावचे नाट्यगृह यांनाही तोच नियम लागू आहे.