वाऱ्याची वाट



मोटारींच्या शर्यतीचा इतिहास म्हटला की वेगाचे आकडे पुढे येतात. मला आज बोलायचे आहे ते थांबण्याविषयी. गाडी थांबते म्हणजे काय होते? तिचा वेग नाहीसा होत नाही. त्याची उष्णता होते. हजार किलो वजनाची गाडी ताशी 240 किलोमीटरवरून 60 वर आणली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते तिच्यावर साडेसहा लिटर साध्या पाण्याला उकळी येईल. आणि हे सारे घडते अवघ्या काही सेकंदांत! ही उष्णता टाकायची कुठे, हा खरा प्रश्न.

फ्रान्समध्ये ल मान्स येथे चोवीस तासांची शर्यत होते. तिच्या वाटेवर सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता (1990 साली त्यात मुद्दाम वळणे घातली), आणि त्याच्या टोकाला काटकोनी वळण. दर फेरीला तिथे ब्रेक तापायचे. त्या काळी बहुतेक गाड्यांना ड्रमचे ब्रेक असत. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे आतल्या लायनरपासून दूर जातो. शिवाय तापलेल्या लायनरची पकडही सुटते. पाय खाली खाली जातो आणि गाडी काही थांबत नाही. घाट उतरणाऱ्या ट्रकमागून लायनर जळल्याचा वास ज्याने घेतला आहे, त्याला हे निराळे सांगायला नको.

यावर तोडगा फार पूर्वी सुचला होता. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले; पण त्याला योग्य असे पॅडचे द्रव्य तेव्हा नव्हते, आणि कल्पना पन्नास वर्षे पडून राहिली. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने 1953 साली ल मान्स जिंकले, आणि सरासरी ताशी शंभर मैलांच्या वर गेली. डिस्क उघड्यावर असते, वारा तिला भेटतो. फुगली तरी पॅडकडेच फुगते. प्रतिस्पर्धी मर्सिडीझने 1955 साली ड्रमच ठेवले आणि पाठीमागे उभी राहणारी मोठी झडप बसवून वाऱ्यालाच ब्रेक लावायला लावले. त्याच वर्षी 11 जूनला तिथे एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. पुढची एक गाडी थांब्याकडे वळताना ब्रेक लावते, मागची तिला चुकवते, आणि तिसरी आदळते, असा तो प्रसंग. चौकशीत कोणाही चालकाला दोषी ठरवले नाही. अरुंद, जुन्या वाटेकडे बोट दाखवले.

फेरारीचा ड्रमवरचा विश्वास मात्र सुटेना. 1957-58 च्या त्यांच्या टेस्टा रोसा गाडीचे पुढचे पत्रे चाकांमागे असे आत कापलेले होते की वारा थेट ड्रमकडे जावा. त्या गाडीने 1958 ची शर्यत जिंकलीही. 1959 पासून मात्र त्यांनाही डिस्क घ्यावी लागली. पण डिस्क आली म्हणून काम भागले नाही. वजन आणि वेग वाढत गेले. 1966 साली सात लिटर इंजिनाच्या फोर्डच्या गाड्यांच्या डिस्का इतक्या तापत की तडकत; म्हणून शर्यतीच्या मध्येच डिस्क झटपट बदलण्याची सोय फिल रेमिंग्टन या कारागिराने करून दिली.

वाऱ्याची नळी बसवण्यातही अक्कल लागते. तोंड ठेवायचे गाडीच्या नाकावर, जिथे हवेचा दाब जास्त. तिथून लवचिक नळी चाकाच्या मध्याकडे न्यायची. चाक पूर्ण वळले तरी ती घासता कामा नये. नवशिका माणूस वारा डिस्कच्या एका तोंडावर सोडतो. ती एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम राहून वाकडी होते. वारा सोडावा मध्यभागी. दुहेरी डिस्कच्या आत पाकळ्या असतात, त्या फिरता फिरता पंख्यासारखी हवा बाहेर फेकतात. आणि फार थंड केले तरी पॅड पकडत नाहीत. म्हणून पावसात याच नळ्यांची तोंडे चिकटपट्टीने झाकतात.

आता एक गोष्ट, जी शर्यतीच्या पुस्तकांत क्वचित येते. लँचेस्टरला न मिळालेले उष्णता सोसणारे द्रव्य कोणते? हर्बर्ट फ्रूडने 1908 साली लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस घातले, आणि पुढे कित्येक दशके जगभरचे ब्रेक त्यावर चालले. लायनर झिजतो म्हणजे त्याची भुकटी होते. चालकाच्या ब्रेकला वारा मिळावा म्हणून एवढी डोकी लढली. फिटर मात्र ड्रम उघडून हवेच्या पाइपने ती भुकटी उडवत असे, आणि ती त्याच्याच नाकातोंडात जाई. मी ज्या आगारात युनियनचे काम सुरू केले, तिथे हे रोजचे होते. आम्ही ओल्या फडक्याने पुसण्याची मागणी केली, तर वेळ जातो म्हणून ती फेटाळली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ब्रिटनने 1999 साली त्यावर बंदी घातली. त्या निकालाची प्रत मी आगाराच्या फळ्यावर लावली होती. दुसऱ्या आठवड्यात पाण्याची बादली आली. हवेचा पाइप काढून न्यायला मात्र आणखी दोन वर्षे लागली.