लठ्ठपणा : भारतातील प्रादेशिक भिन्नता

आरोग्यास घातक ठरेल इतकी चरबी शरीरात साठणे म्हणजे लठ्ठपणा. त्याचे रूढ माप बीएमआय हे होय. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून ते काढतात. जागतिक आरोग्य संघटना २५ पासून अतिवजन आणि ३० पासून लठ्ठपणा मानते. भारतीयांना तुलनेने कमी वजनातच मधुमेह जडतो. म्हणून येथील तज्ज्ञांनी या मर्यादा अनुक्रमे २३ व २५ ठरवल्या आहेत.

प्रमाण : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा अधिक आढळला. पंजाब व तमिळनाडूत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक, केरळात ३८, गोव्यात ३६, महाराष्ट्रात २३, बिहारमध्ये १६, तर झारखंडात १२ टक्के होते. देशभरात शहरी स्त्रियांमध्ये ते ३३ आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये २० टक्के होते.

कारणे : वाढते उत्पन्न, बैठे काम, यंत्रांमुळे घटलेली अंगमेहनत, तेल-साखरेचा वाढता वापर आणि पाकीटबंद पदार्थ ही मुख्य कारणे. श्रीमंत देशांत लठ्ठपणा गरिबांमध्ये अधिक आढळतो. भारतात तो अजून सुस्थितीतल्या घरांत अधिक आहे.

छुपी चरबी : वजनाचे आकडे पूर्ण चित्र दाखवत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता; पण चरबी याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के भरली. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही कमी वजनाच्या अंगात तुलनेने अधिक चरबी आढळली. याचे मूळ गर्भावस्थेतील पोषणात असावे, असे याज्ञिक मानतात.

सार्वजनिक आरोग्य : केरळने २०१६ मध्ये बर्गर, पिझ्झा यांसारख्या पदार्थांवर १४.५ टक्के कर लावला होता. मात्र एकाच राज्याला दोन टोकांशी झगडावे लागते. वरील सर्वेक्षणात महाराष्ट्रात २३ टक्के स्त्रिया अतिवजनी, तर सुमारे २१ टक्के कृश आढळल्या. झारखंडातील कमी आकडाही निरोगीपणाची खूण नव्हे; तेथे २६ टक्के स्त्रिया कृश होत्या. म्हणून उपाययोजना जिल्ह्याची गरज पाहून आखायला हवी. वजनासोबत कंबरेचा घेरही मोजावा आणि गर्भवतीच्या आहाराकडे मधुमेह-प्रतिबंधाची पहिली पायरी म्हणून पाहावे.