शोभिवंत माशांचे खाद्य
काचेच्या टाकीत पाळलेल्या माशांचा आहार. त्याची निवड बव्हंशी तोंडाच्या ठेवणीवरून होते : वर वळलेल्या तोंडाच्या गप्पीला तरंगते खाद्य, तळ उकरणाऱ्या कोरिडोरसला बुडणाऱ्या गोळ्या. मांसाहारी फायटरला डासांच्या अळ्या किंवा आर्टेमिया हे बारीक कवचधारी जलजीव मानवतात. सर्वभक्षी गोल्डफिशला वनस्पतिजन्य अंशही लागतो. झाशीसारख्या विषम हवामानाच्या शहरात ऋतूही पाहावा लागतो. मासा शीतरक्ती, त्यामुळे जानेवारीच्या गारठ्यात, हीटर नसलेल्या टाकीत, गोल्डफिशचे पचन मंदावते आणि खाद्य कमी व हलके द्यावे लागते. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो. म्हणून दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. हौशी पाळणारे नेमके इथेच चुकतात. नाल्यातील जिवंत ट्युबिफेक्स कृमी स्वस्त असले तरी रोगजंतूंमुळे टाळलेले बरे.