गाडीत काय आहे?

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रशाळा आटोपून मी नुकताच घरी आलो होतो. घाटकोपरच्या आमच्या गल्लीत घोट्यापर्यंत पाणी साचलेले. तेवढ्यात दारात एक आडदांड इसम चपला हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का?" खरे सांगायचे तर ओळखले नव्हते. मग त्याने हसत हवेत बोटाने इंग्रजी 'एस' उलटा काढून दाखविला, तेव्हा ओळख पटली. वीस वर्षांपूर्वी दिवसा गॅरेजात राबून रात्री माझ्या वर्गात मागच्या बाकावर पेंगणारा तो मुलगा. त्याचा 'एस' मी अखेरपर्यंत सुलटा करू शकलो नव्हतो.

पंधरा वर्षे त्याने ट्रक हाकला होता. आता माहुलहून पेट्रोल नेणाऱ्या टँकरवर जागा मिळत होती. पगार बरा, आणि मुख्य म्हणजे रात्री घरी परतण्याची सोय. मात्र धोकादायक माल नेण्यासाठी लायसनवर वेगळी नोंद लागते आणि तिच्यासाठी तीन दिवसांचा शिक्षणक्रम पुरा करून उत्तीर्ण व्हावे लागते. पहिले दोन दिवस गाडी सावधपणे कशी चालवावी, उतारावर कशी धरावी, रात्री दिवे कसे वापरावेत याचे. त्याची त्याला भीती नव्हती. भीती होती ती तिसऱ्या दिवसाची. खिशातून त्याने प्लॅस्टिकमध्ये मढवलेले एक कार्ड काढले. त्याला ट्रेम कार्ड म्हणतात. वाहून न्यायच्या मालाचे नाव, गुण, आणि सांडला, पेटला किंवा कुणाच्या अंगावर उडाला तर काय करावे, हे सारे त्यावर छापलेले. आणि सारे इंग्रजीत.

"सर, हे पाठ करू की समजून घेऊ?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, कादंबऱ्या लिहितो, मुलांना मराठी आणि इतिहास शिकवितो. रसायनशास्त्राच्या बाबतीत मी उंटावरचाच शहाणा. परंतु त्याच्या प्रश्नाने मला गाठले. समजून घेऊ, असे मी म्हणालो आणि त्या रात्रीपासून आमची शाळा पुन्हा भरली.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम आधी वाचला. चालकाला आठव्या परिशिष्टातली एखादी भारतीय भाषा आणि शिवाय इंग्रजी लिहितावाचता आली पाहिजे, असे तो म्हणतो. पूर्वी ही नोंद दर वर्षी नवी करावी लागे. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची केली. पुढे तिसऱ्या दिवसाची विषयसूची आली: मालाचे वर्ग, विषारीपणा, स्फोटाच्या मर्यादा, गळती, प्रथमोपचार, विहिरी-नद्या-तलावांचे रक्षण. कोरडी यादी. पण इतिहास शिकविणाऱ्याला कोरडी यादी दिसली की तिच्यामागे कोण मेले असेल, असा वाईट संशय येतो. माझा संशय खोटा ठरला नाही.

आमचे आजोबा लालबागला गिरणीत होते. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी खाते हादरले आणि जपान्यांनी बाँब टाकला असे ओरडत माणसे बाहेर पळाली, ही हकीकत त्यांनी शंभरदा तरी सांगितली असेल. बाँब जपान्यांचा नव्हता. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाची आगबोट लागली होती. बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे ती १२ तारखेला मुंबईस पोचली. तिच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, विमाने होती, एकतीस पेट्यांत सोन्याच्या विटा होत्या. आणि कराचीला तिच्यात कापसाच्या हजारो गासड्या आणि तेलाची पिंपे भरण्यात आली होती. दारू आणि कापूस एका पोटात! दिवाळीला घरात फटाके वाळत घालताना आपली आई चुलीपासून किती लांब सूप ठेवते, हे आठवून पाहावे.

दुपारी बोटीतून धूर निघू लागला. बंबवाले आले. नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतले. परंतु आगीचे मूळ सापडेना, आणि ओतलेले पाणीच उकळू लागले. बोट तिथेच बुडवावी की ओढून बाहेर न्यावी, यावर साहेब लोकांचे एकमत होईना. चार वाजून सहा मिनिटांनी ती फुटली; अर्ध्या तासाने पुन्हा फुटली. बारा किलोमीटरांवरच्या खिडक्यांची तावदाने फुटली, सतराशे किलोमीटरांवर सिमल्याच्या यंत्राने भूकंप नोंदला. शेजारची 'जलपद्म' नावाची अख्खी आगबोट उचलून धक्क्यावर फेकली गेली. अग्निशामक दलाची ६६ माणसे गेली. एकूण मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. त्या ६६ जणांसाठी आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात.

सोन्याची एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात छपरातून पडली, ही गोष्ट मुंबईकर चवीने सांगतात. माझ्या मनात मात्र दुसरीच बाब घर करून राहिली. युद्धाच्या नावाखाली सरकारने ही बातमी दाबून ठेवली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी दिली. इकडे वर्तमानपत्रांना मात्र मे महिन्यापर्यंत मोकळेपणी छापण्याची परवानगी नव्हती. ज्यांच्या चाळी जळल्या त्यांना आपल्या शेजारी काय येऊन उभे होते, हे आधी कुणी सांगितले नव्हते आणि नंतरही सांगावेसे वाटले नाही.

हे मी त्याला सांगत होतो तेव्हा तो कार्डाकडे पाहत होता. "म्हणजे सर, बंबवाल्यांना नेमकं काय जळतंय हे कळलं असतं तर—" एवढेच म्हणाला. तर काय झाले असते ते मला सांगता आले नाही, अजूनही येत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा धोका बंदरातून रस्त्यावर आला. तुर्भे-माहुलला १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, एक अमेरिकी कंपनीचा, दुसरा बर्मा-शेलचा. पुढे १९७४ आणि १९७६ मध्ये ते सरकारी झाले. 'रॉक ऑइल'चे रॉकेल करून ज्या भाषेने ते तेल घराघरात नेले, तिच्या वस्तीतून आता टँकर धावू लागले: चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड. मालाला जगभर एकच ओळख असावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९५६ साली शिफारशी केल्या. त्यांतूनच पेट्रोलला १२०३, क्लोरीनला १०१७, गंधकाम्लाला १८३० असे आकडे मिळाले. आकड्याला भाषा लागत नाही, ही त्यातली खरी शहाणपणाची गोष्ट.

परंतु आकडा असून भागत नाही, तो सांगावा लागतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला मिथाइल आयसोसायनेट सुटला. माणसे डोळे चोळीत इस्पितळांत शिरली तेव्हा डॉक्टरांना वायू कोणता, उतारा कोणता हे ठाऊक नव्हते. तोंडावर ओले फडके धरा, एवढेही वस्तीला कुणी आधी शिकविले नव्हते. त्या हजारो मृत्यूंनंतर १९८६ चा पर्यावरण कायदा झाला, १९८८ चा मोटार वाहन कायदा झाला, आणि १९८९ च्या नियमांत ती कोरडी यादी आली. नियम १३४ सांगतो की गाडीवर तीन ठिकाणी फलक हवा. त्यावर मालाचे नाव निदान पन्नास मिलिमीटर उंच अक्षरांत, आकडा शंभर मिलिमीटर उंचीचा. माणूस मेल्यावर त्याच्या नावाची अक्षरेसुद्धा एवढी मोठी कोरीत नाहीत.

आणि फलक पुसला गेला तर? १४ जुलै २०१० रोजी शिवडीला बंदराच्या आवारात बेवारस पडलेल्या जुन्या नळकांड्यांतून क्लोरीन गळला आणि शंभरावर माणसे इस्पितळात गेली. कित्येक वर्षे ती नळकांडी तिथे होती. त्याच क्लोरीनवर भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात आपले पिण्याचे पाणी निर्धोक होते, हेही त्याला सांगितले. माल दुष्ट नसतो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही हॅझकेमच्या अक्षरांवर आलो. ही लंडनच्या अग्निशामकांनी बसविलेली खूण. पेट्रोलची खूण तीन-वाय-ई. तीन म्हणजे फेसाने विझवा, नुसत्या पाण्याने नव्हे. पी, आर, एस, टी यांपैकी अक्षर असेल तर सांडलेला माल भरपूर पाण्याने पातळ करून वाहू द्यावा. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर माती घालून अडवावा, गटारात जाऊ देऊ नये. "म्हणजे माझा 'एस' उलटा असला तरी चालेल, 'झेड'सारखा दिसला तर पंचाईत," तो म्हणाला. त्या रात्री त्याने पानभर 'एस' काढले. सगळे सुलटे.

स्फोटाच्या मर्यादा त्याला पटत नव्हत्या. हवेत पेट्रोलची वाफ शेकडा दीडहून कमी असली तर पेटत नाही, साडेसातहून बरीच जास्त असली तरी पेटत नाही. मधल्या पट्ट्यात पेटते. मी म्हटले, आमटीतले मीठ समज: कमी पडले तर अळणी, जास्त पडले तर तोंडात घालवत नाही. तो विचारात पडला, मग एकदम म्हणाला, "मग सर, रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा वाईट!" हे मला सुचले नव्हते. भरलेल्या टाकीत वाफेला हवा मिळत नाही. रिकाम्यात दोन्ही मिळतात. पंधरा वर्षे रिकाम्या पिंपांवर बसून बिड्या ओढणारी माणसे त्याने पाहिली होती.

शेवटचे अक्षर ई. त्याचा अर्थ आसपासची माणसे हलवा. "हे लोकांना कुठे ठाऊक आहे?" त्याने विचारले. नाही. ते बंबवाल्यासाठी आहे. बंब पोचेपर्यंत ते वाचणारा तिथे एकटा ड्रायव्हरच. मग आम्ही दोघांनी बसून ते कार्ड मराठीत उतरवले. 'कंटेन' या शब्दाला मी आधी 'परिरोध' असा काहीतरी शब्द लिहिला होता. त्याने तो खोडून 'अडव' लिहिला. माझ्या दोन कादंबऱ्यांवर इतका नेमका हात कुणी फिरविला नाही.

तो उत्तीर्ण झाला. नवरात्रात फोन आला: "सर, मुलुंडला पंपावर माल उतरवतोय. घरी आलो असतो, पण गाडी सोडता येत नाही." नियम १३३. मीच लोकल धरून गेलो. जमिनीत वीज उतरवणारी तार लावलेली, नळी जोडलेली, आणि हा वॉल्व्हजवळ उभा. माझ्याशी बोलला तोही तिकडची नजर न काढता. क्लीनर एकोणीस-वीस वर्षांचा, उत्तरेकडचा, अक्षरशत्रू. मी फलकाकडे बोट दाखवून त्याला हिंदीत विचारले, गाडीत काय आहे?

"बारा-सौ-तीन," तो म्हणाला. मग ड्रायव्हरकडे एकदा पाहून घडाघडा पुढचे म्हणून दाखविले: फेस, माती, गटार अडवायचे, वाऱ्याच्या आडव्या बाजूने लोकांना लांब न्यायचे. एका ठिकाणी चुकला. ड्रायव्हरने त्याला तिथेच थांबवले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले.