विक्रीची विद्या आणि साखळीचा धंदा

स्मरणिकेसाठी चिटणीस बाईंनी मला 'घरबसल्या उद्योग' या विषयावर चार ओळी लिहावयास सांगितल्या. ज्याला नेटवर्क मार्केटिंग म्हणतात त्याचे वारे मधल्या काळात आपल्याकडेही पुष्कळ वाहिले, आणि मी स्वतः त्यात उतरले होते. तेव्हा त्या धंद्याचाच इतिहास, थोडा मुलीकडून वाचवून घेतलेला व थोडा अंगावर आलेला, येथे मांडते.

बाईने बाईच्या घरी जाऊन माल विकावा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. माझ्या सासूबाई कासारणीची गोष्ट सांगत. ती ओसरीवर बसे, हात दाबून पाही आणि न विचारता माप ओळखी. घालताना बांगडी फुटली तर ती तिच्या खाती, गिऱ्हाइकाच्या नव्हे. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देई, तिच्याशी घासाघीस करण्यात अर्धी दुपार जाई. या दोघींपैकी कोणीही कधी "तूही माझ्यासारखी टोपली घे, म्हणजे मला दोन पैसे मिळतील" असे म्हटले नाही.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. डेव्हिड मॅककॉनेल नावाचा गृहस्थ दारोदार पुस्तके विकी व सोबत अत्तराची लहान बाटली फुकट देई. बायकांना पुस्तकापेक्षा अत्तरच आवडते हे पाहून त्याने १८८६ साली अत्तराचाच व्यापार काढला. पुढे त्याचे नाव एव्हॉन झाले. त्याची पहिली विक्रेती मिसेस अल्बी नावाची बाई होती. त्या देशातील बायकांना सर्व देशभर मताचा अधिकार १९२० साली मिळाला, पण स्वतःच्या कमाईचा हा मार्ग त्याआधीच काहींना सापडला होता.

मला सर्वांत आवडली ती ब्राउनी वाइज हिची हकीगत. अर्ल टपर याने प्लॅस्टिकचे घट्ट झाकणाचे डबे काढले, पण दुकानात ते खपेनात, कारण झाकण कसे लावावे हेच कोणाला कळेना. ब्राउनी ही नवऱ्यापासून वेगळी झालेली, एका मुलाची आई. तिने शेजारणी घरी जमवून डबे दाखवावयास सुरुवात केली. डब्यात पाणी भरून, झाकण लावून, तो खोलीतून सरळ भिरकावून द्यावयाचा. थेंब सांडला नाही की बायका खूष! आपले हळदीकुंकूच म्हणा ना, फक्त वाणाऐवजी विक्री. १९५१ साली टपरने दुकानांतील विक्री बंद करून सारा कारभार या पद्धतीवर आणला व तिला मोठ्या हुद्द्यावर नेमले. १९५४ मध्ये बिझनेस वीक या मासिकवजा पत्राच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले. त्यावर झळकलेली ती पहिली स्त्री. आणि १९५८ मध्ये मालकाने तिला काढून टाकले. ज्या बाईने विकावयास शिकवले तिचीच गरज संपली! असो.

साखळीची कल्पना मात्र निराळी. १९४५ च्या सुमारास न्यूट्रिलाइट या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या व्यापारात अशी पद्धत निघाली की, आपण आणलेल्या माणसाने केलेल्या विक्रीवरही आपल्याला दलाली मिळावी. त्याच गोळ्या विकणाऱ्या दोघा मित्रांनी १९५९ साली अ‍ॅमवे काढली. योगायोग असा, की त्याच साली १५ मार्चला मुंबईत गिरगावात सात गुजराती भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. तेच लिज्जत. तेथेही एकीने दुसरीला आणले, हजारो बहिणी जमल्या, पण मिळकत लाटलेल्या पापडाची. एका वर्षात निघालेल्या या दोन वाटा मी पुष्कळदा शेजारी ठेवून पाहते.

आपल्याकडे टपरवेअर १९९६ मध्ये आले आणि अ‍ॅमवेने १९९८ मध्ये विक्री सुरू केली. त्यांच्या मागून पुष्कळ लहानमोठ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकीच एकीत मी २०१४ साली साडेचार हजार रुपये भरले. बदल्यात काढ्याच्या बाटल्या मिळाल्या. तालुक्याच्या गावी सभा झाली. कोट घातलेल्या गृहस्थांनी सांगितले, "शंभर नावांची यादी करा, नात्यातली आधी." त्याला ते विक्रीचे शिक्षण म्हणत. माल कशाचा, किती दिवस टिकतो, पावती कशी द्यावी, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का येते, यातले एक अक्षर नाही. सहाजणी आणा, त्या सहा-सहा आणतील, एवढेच.

मी सातवी शिकलेली, गुणाकार मला येत होता. तो त्या दिवशी केला नाही. नंतर केला. सहाच्या छत्तीस, छत्तीसच्या दोनशे सोळा, असे करीत आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसे लागतात व नवव्या पायरीला एक कोटीच्या वर. २०११ च्या जनगणनेत आपल्या सबंध बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती! म्हणजे शेवटच्या पायरीवरच्या बाईला सहाजणी कोठून मिळणार?

मला पाचजणी मिळाल्या. त्यांत माझ्या जाऊबाई, आणि चौघी आपल्या मंडळातल्या. प्रत्येकीमागे मला पाचशे रुपये आले, ते सभांच्या जाण्यायेण्यात गेले. वर्षाच्या आत सभा बंद पडल्या आणि फोन लागेनासा झाला. बाटल्या दिवाणात राहिल्या.

कायदा याआधीही होता. माणसे भरती करून झटपट पैसा मिळेल असे आमिष दाखवणाऱ्या योजनांवर १९७८ सालीच बंदी आली. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु खरी विक्री कोणती व भरती कोणती, हे आमच्यासारखीने कसे ओळखावे? सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने सूचना काढल्या, त्यांत सभासद होण्यासाठी फी घेऊ नये असे आले. माझे पैसे त्याच्या दोन वर्षे आधीचे. २८ डिसेंबर २०२१ च्या नियमांनी साखळी योजनांना मनाई केली. विक्रेत्याजवळ ओळखपत्र हवे आणि आधी कळवल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये, हेही सांगितले. भगिनींनो, ओळखपत्र मागावयास लाजू नये. मी लाजले होते.

विक्री मी पुढे शिकले, पण मंडळाच्या पापडांवर. पहिल्या नवरात्रात देवीला येणाऱ्या माणसांना आम्ही पापड विकले, सगळे खपले, आणि आम्ही फार आनंदलो. मग एका किराणा दुकानदाराने विचारले, "तुमची मजुरी धरली का?" डाळ, पापडखार, तेल, पिशवी सारे वहीत होते; लाटणारे हात नव्हते. दुसऱ्या वर्षी भाव वाढवला, पिशवीवर तारीख घातली, मोडके पापड बदलून दिले. गेल्या वर्षीची गिऱ्हाइके पिशवी ओळखून आली, तो दिवस माझ्या लक्षात आहे.

त्या नफ्यातला माझा वाटा साठवून मी पाचजणींचे पैसे फेडावयास घेतले. जाऊबाई नको म्हणाल्या, तरी दिले. पाचव्या वहिनींचे गेल्या संक्रांतीला नेऊन दिले. त्यांनी ते दोनदा मोजले, डब्यात ठेवले, आणि कुंकू लावले. चहाला थांब म्हणाल्या नाहीत. यंदा मंडळाच्या हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांच्याकडे मीच घेऊन जाणार आहे.